मांजरपाट, गेरू आणि पांढरी रेघ: घरच्या भिंतीसाठी वारली पद्धतीचे कापडी चित्र

बैठकीच्या खोलीत दिवाण किंवा सोफा मांडला की त्याच्या वरची भिंत मोकळी दिसू लागते आणि तिथे काहीतरी मोठे लावावे असे वाटते. मोठ्या चित्राच्या किमतीतला बराचसा भाग मात्र काच, चौकट आणि पाठीमागचा बोर्ड यांचा असतो. म्हणून थोड्या पैशांत मोठे चित्र हवे असेल, तर चौकटीशिवाय टांगता येईल असा प्रकार निवडणे हा सर्वांत सरळ उपाय आहे. साध्या सुती कापडावर रंगवलेले आणि वर-खाली काठी घालून टांगलेले चित्र वजनाने हलके असते, घर बदलताना गुंडाळून नेता येते आणि त्याला एक खिळा पुरतो.

या लेखात साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ९० सेंटिमीटर उंच असे एक कापडी चित्र सुरुवातीपासून टांगेपर्यंत कसे करावे, हे क्रमाने दिले आहे. त्यासाठी वारली चित्रांची पद्धत निवडली आहे, कारण तिच्यात रंग दोनच लागतात, आकार वर्तुळ, त्रिकोण आणि रेषा यांपासून बनतात आणि चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या माणसालाही पहिल्या प्रयत्नात भिंतीवर लावण्याजोगे काम करता येते. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा लेख तिच्यावर उभा आहे: नवशिके माणसांच्या आकृत्या काढण्याची घाई करतात, पण चित्र चांगले दिसेल की नाही हे गेरूची जमीन, म्हणजे आकृत्यांखालचा तांबडा थर, किती एकसारखी बसली आहे आणि आकृत्यांमध्ये मोकळी जागा किती सोडली आहे यावर ठरते. तुमच्याकडे एकूण जेवढा वेळ असेल, त्याचा अर्धा वेळ जमीन आणि आराखडा यांसाठी राखून ठेवावा.

ही चित्रे कुठली आणि आपण त्यांतले काय घ्यावे

पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, मोखाडा या भागांत आणि लगतच्या गुजरात व दादरा-नगर हवेलीत वारली समाजाची वस्ती आहे. कारवीच्या काठ्यांचा कुड, त्यावर शेणामातीचा लेप आणि वर गेरूचा हात, अशा भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने ही चित्रे काढली जात. टोक चावून किंवा ठेचून मऊ केलेली बांबूची काडी हाच त्यांचा कुंचला होता. लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर लग्नचौक लिहितात, त्याच्या आत पालघट देवी असते आणि त्या विधीत धवलेरी, म्हणजे लग्न लावणाऱ्या बायका, गाणी म्हणतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी या भागातील चित्रकारांपर्यंत कागद आणि रंग पोहोचवले आणि भिंतीवरची ही चित्रे गावाबाहेरच्या लोकांना दिसू लागली. डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांनी शेती, मासेमारी, नाच आणि जंगल असे रोजचे जग आयुष्यभर रंगवले. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

हे सांगण्याचे कारण व्यवहाराशी जोडलेले आहे. लग्नचौक आणि त्यातली देवी हा विधीचा भाग आहे, शोभेची नक्षी म्हणून तो उचलू नये, असे माझे ठाम मत आहे. झाडे, पक्षी, भातलावणी, विहिरीवरच्या बायका, तारप्याचा नाच असे विषय आपल्या घरासाठी भरपूर आहेत. दुसरे असे की आपण घरी केलेले चित्र हे वारली चित्रांवरून शिकून केलेले चित्र असते, म्हणून ते वारली चित्र म्हणून विकू नये. मूळ चित्र हवे असेल तर त्या भागातील चित्रकाराकडून विकत घ्यावे. दोन्ही चित्रे एकाच घरात असायला काहीच हरकत नाही, आणि शिकण्यासाठी तर मूळ चित्राइतका चांगला गुरू दुसरा नाही.

साहित्य

कोरे मांजरपाट सव्वा मीटर घ्यावे. कापडाच्या कोणत्याही जुन्या दुकानात ते मिळते. फार झिरझिरीत असेल तर गेरू आरपार जातो, म्हणून दुकानात कापड उजेडासमोर धरून पाहावे आणि त्यातल्या त्यात घट्ट विणीचे निवडावे. घरात जुनी, जाड, फिकट रंगाची सुती चादर असेल तर तीही चालते, परंतु पॉलिस्टर मिसळलेले कापड घेऊ नये, कारण त्यावर गेरू धरत नाही.

गेरूची पूड हार्डवेअरच्या किंवा पूजासाहित्याच्या दुकानात मिळते. कुंड्यांना आणि तुळशीवृंदावनाला लावतात तोच हा गेरू. खडा मिळाला तर तो कुटून घ्यावा लागतो. याशिवाय फेव्हिकॉलची छोटी बाटली, दोन इंच रुंदीचा सपाट ब्रश, शून्य किंवा एक क्रमांकाचा बारीक गोल ब्रश, पांढरा खडू, सुतळी आणि दोन काठ्या लागतात. पांढऱ्या रंगासाठी अॅक्रिलिकची एक बाटली पुरते. घर रंगवताना उरलेला पांढरा इमल्शन रंग डब्याच्या तळाशी शिल्लक असेल, तर ही बाटलीही विकत घेण्याची गरज नाही, कारण तो रंग अॅक्रिलिकच्याच जातीचा असतो आणि गेरूवर चांगला चिकटतो. ब्रश घरात असतील तर सगळे साहित्य साधारण तीन-चारशे रुपयांत होते.

तांदळाचे पीठच का वापरू नये, असा प्रश्न बहुतेकांना पडतो. मूळ पद्धत तीच आहे आणि मातीच्या भिंतीवर ती शोभते. कापड मात्र हलते, गुंडाळले जाते, आणि वाळलेले पीठ त्यावरून पापुद्र्यांनी सुटते. शिवाय पिठावर झुरळे आणि कसर येतात. पोस्टर कलर स्वस्त असले तरी ते वाळल्यावरही पाण्याने विरघळतात, त्यामुळे पावसाळी दमट हवेत ओला हात लागला तरी पांढरा रंग पसरतो. या दोन्ही कारणांमुळे कापडासाठी अॅक्रिलिक किंवा इमल्शन हाच योग्य पर्याय आहे.

कापड तयार करणे

नव्या मांजरपाटात खळ असते आणि ती असेपर्यंत कापड पाणी व रंग नीट शोषत नाही. म्हणून कापड रात्रभर गरम पाण्यात थोडी धुण्याची पावडर घालून भिजवावे, सकाळी चोळून धुवावे आणि दोनदा स्वच्छ पाण्यातून काढावे. या धुण्यातच ते आटते. न धुता रंगवले तर हे आटणे गेरूचे पाणी लागल्यावर होते आणि कापडाला कायमच्या चुण्या पडतात. थोडे ओलसर असतानाच कडक इस्त्री करावी.

इस्त्रीनंतर कापड ६६ सेंटिमीटर रुंद आणि १०५ सेंटिमीटर उंच असे कापावे. कापताना कात्रीने अंदाजे जाण्यापेक्षा कडेला छोटा छेद देऊन एक धागा ओढून काढावा आणि त्या रेषेवर कापावे, म्हणजे कड सरळ येते. दोन्ही बाजूंच्या कडा तीन-तीन सेंटिमीटर आत दुमडून शिवाव्यात. वरच्या आणि खालच्या कडेला काठी जाईल असा नेफा करावा. त्यासाठी प्रत्येकी साधारण सात सेंटिमीटर कापड दुमडावे लागते. ही शिलाई रंगवण्याच्या आधीच करायची आहे. रंगवलेल्या कापडात सुई घातली की प्रत्येक टाक्याभोवती रंग उडतो आणि टाका दुरून दिसतो. शिलाई मशीन नसेल तर हाताने धावदोरा घातला तरी पुरते, कारण या कापडावर ताण फारसा येत नाही.

गेरूची जमीन

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा आहे, त्यामुळे तो घाईने करू नये.

एक वाटी गेरूची पूड जुन्या मलमलीतून किंवा साडीच्या तुकड्यातून चाळून घ्यावी. चाळल्यावर वर राहिलेली रेव टाकून द्यावी. ती रंगात राहिली तर ब्रशाबरोबर ओढली जाऊन लांब ओरखडे उठतात. चाळलेल्या पुडीत आधी अर्धी वाटी पाणी घालून गुठळ्या मोडाव्यात, मग अर्धी वाटी फेव्हिकॉल घालून एकजीव करावे आणि शेवटी आणखी एक वाटी पाणी थोडे थोडे घालावे. मिश्रण पातळ ताकाइतके सैल झाले पाहिजे. सगळा रंग एकाच वेळी कालवावा. अर्ध्यावर संपला आणि पुन्हा केला, तर तोच गेरू असूनही छटा जुळत नाही.

मोठ्या कापडावर हात घालण्यापूर्वी कापून उरलेल्या पट्टीवर हे मिश्रण लावून वाळवावे. वाळल्यावर त्यावर कोरडे पांढरे फडके घासावे. फडक्याला लाली आली तर फेव्हिकॉल कमी पडले आहे असे समजून दोन चमचे वाढवावे. मग पट्टी बोटाभोवती वळवून पाहावी. तडे दिसले तर थर जाड झाला आहे किंवा फेव्हिकॉल जास्त झाले आहे, म्हणून पाणी वाढवावे. ही चाचणी छोटी वाटते, पण चित्र वर्षानुवर्षे टिकेल की पहिल्याच उन्हाळ्यात झडेल हे तिच्यातच कळते.

रंगवण्यासाठी जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरावा. वर्तमानपत्र अंथरू नये, ते खालून चिकटते आणि शाईही उतरते. कापड चारी बाजूंनी ताणून चिकटपट्टीने बसवावे किंवा जुन्या प्लायवर पिनांनी ठोकावे. ताण फार नको, पण कापड हाताखाली सरकता कामा नये. पाण्यात ओला करून पिळलेल्या फडक्याने कापडावर एकदा हात फिरवला तर पहिला थर एकसारखा पसरतो. आता सपाट ब्रशाने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे, लांब हात द्यावेत. मध्येच थांबू नये, कारण जिथे रंगाची कड वाळते तिथे गडद रेघ राहते. फोन बाजूला ठेवून पंधरा-वीस मिनिटांत एक थर पुरा करावा.

हा थर सावलीत, पंख्याखाली पूर्ण वाळू द्यावा. उन्हात वाळवल्यास कडा आधी सुकून वर वळतात. पावसाळ्यात वाळायला रात्र लागू शकते, तेवढी द्यावी. दुसरा थर उभ्या हाताने द्यावा, म्हणजे पहिल्या थरातल्या फटी भरतात. दुसऱ्या थरानंतरही काही ठिकाणी रंग किंचित फिका-गडद राहील. तो तसाच राहू द्यावा. लिंपलेल्या भिंतीचा असा थोडा असमान पोतच पांढऱ्या रेघेला उठाव देतो, आणि एका छटेचा गुळगुळीत छापील पृष्ठभाग या चित्रांना मानवत नाही. फरक कळला पाहिजे तो पोत आणि डाग यांतला: पोत सगळीकडे पसरलेला असतो, डाग एका जागी दिसतो. डाग दिसला तर तेवढ्याच जागी ठिगळ न लावता पातळ तिसरा थर पूर्ण कापडावर द्यावा. शेवटी वाटीभर रंग झाकणाच्या बरणीत राखून ठेवावा, पुढे चुका झाकायला तो लागणार आहे.

आराखडा

कापड वाळत असताना कागदावर दोनास तीन या प्रमाणात, म्हणजे दहा सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर उंच, असा एक आयत काढून त्यात चित्र मांडून पाहावे. पहिल्या चित्रासाठी मी एकच मोठा विषय सुचवतो. एक तर खालपासून वरपर्यंत पसरलेले झाड, ज्याच्या फांद्यांवर पक्षी आणि बुंध्याशी चार-पाच माणसे आहेत, किंवा मधोमध तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती सापासारखी वळत गेलेली नाचणाऱ्यांची साखळी. तारपा हे वाळवलेला दुधी भोपळा आणि बांबू यांपासून केलेले फुंकवाद्य आहे, आणि भाताची कापणी झाल्यावरच्या दिवसांत त्याच्या सुरावर हा नाच होतो.

या चित्रांत क्षितिजाची रेषा नसते आणि जवळचे मोठे, लांबचे लहान असा नियमही नसतो. शेत वरून दिसते, त्यातली माणसे बाजूने दिसतात, आणि डोंगर कडेला उभा असतो. शाळेतल्या निसर्गचित्राची सवय असलेल्या हाताला हे सुरुवातीला अवघड जाते. म्हणून आराखडा करताना प्रत्येक वस्तू ज्या बाजूने सर्वांत लवकर ओळखू येईल त्या बाजूने काढावी, एवढे एकच सूत्र धरावे.

कागदावरचा आराखडा मनासारखा झाला की कापडाला खडूने चार उभे आणि सहा आडवे भाग पाडावेत, कागदावरही तितकेच पाडावेत, आणि घरागणिक मोठ्या आकारांच्या जागा उतरवून घ्याव्यात. झाडाचा बुंधा, मुख्य फांद्या, नाचाचा फेर एवढेच खडूने काढावे. प्रत्येक माणूस खडूने काढू नये, नाहीतर पुढे नुसते गिरवणे उरते आणि रेघ मेल्यासारखी दिसते. फेर काढण्यासाठी सुतळीच्या एका टोकाला खडू बांधून दुसरे टोक केंद्रावर बोटाने दाबून धरावे. फेर फिरवता फिरवता सुतळी थोडी थोडी आखडत नेली की मळसूत्री वळण आपोआप मिळते.

आता दूर उभे राहून पाहावे. कापडाचा निदान एक तृतीयांश भाग रिकामा दिसला पाहिजे. सराईत चित्रकार सगळे कापड बारीक आकृत्यांनी भरून टाकतात आणि तरी ते मोकळे वाटते, पण त्यामागे वर्षांची सवय असते. नवशिक्याने ते करायला गेल्यास नक्षीदार पडद्याचे कापड तयार होते.

पांढरी रेघ

पांढरा रंग ताटलीत थोडा काढून त्यात थेंब-थेंब पाणी मिसळावे. ब्रश उचलल्यावर थेंब लगेच पडला तर रंग पातळ आहे आणि ब्रश टेकवल्यावर रेघ मध्येच तुटली तर घट्ट आहे. बारीक ब्रशाऐवजी खराट्याची किंवा बांबूची काडी टोकाला ठेचून वापरता येते. तिच्या रेघेत जी थोडी खरखर येते ती मला ब्रशाच्या रेघेपेक्षा जास्त आवडते. मात्र काडीत रंग कमी मावतो, म्हणून लांब रेषांसाठी ब्रश आणि आकृत्यांसाठी काडी असे वाटून घ्यावे. उरलेल्या पट्टीवर आधी दहा-वीस माणसे काढून हात बसवावा.

माणूस साधारण पाच ते सहा सेंटिमीटर उंचीचा असावा. त्याहून लहान काढल्यास त्रिकोण भरताना गोळे होतात. आधी वरचा त्रिकोण काढावा. त्याची रुंद बाजू म्हणजे खांदे आणि खालचे टोक म्हणजे कंबर. त्याच टोकापासून दुसरा, थोडा लहान त्रिकोण उलटा काढावा, त्याची रुंद बाजू खाली येते. दोन्ही आतून भरावेत. खांद्याच्या मधोमध अगदी आखूड मान आणि त्यावर भरीव गोल डोके द्यावे. बाईचे डोके असेल तर मागे छोटा अंबाडा जोडावा. हात आणि पाय एकेका रेघेचे असतात, पण प्रत्येक रेघेला कोपरात आणि गुडघ्यात मोड हवी. मोड नसली की माणूस चौकीदारासारखा ताठ उभा राहतो.

सगळी हालचाल दोन त्रिकोणांच्या जोडावर असते. वरचा त्रिकोण पुढे कलला की माणूस वाकून लावणी करतो आहे असे दिसते, मागे कलला की विहिरीतून घागर ओढतो आहे असे वाटते, आणि नाचात प्रत्येकाचा वरचा त्रिकोण फेराच्या दिशेने किंचित झुकलेला असतो. पावले ज्या दिशेला माणूस जातो आहे त्या दिशेला वळवावीत. नाचाच्या साखळीत आधी सर्वांचे वरचे त्रिकोण खडूच्या फेरावर सारख्या अंतराने काढून घ्यावेत, नंतर खालचे, मग पाय, डोकी आणि सर्वांत शेवटी हात. हात शेवटी ठेवल्याने शेजाऱ्याच्या कमरेमागून गेलेली प्रत्येक रेघ बरोबर जागी पोहोचते. माणसामागून माणूस पूर्ण करत गेल्यास अंतर बिघडत जाते आणि शेवटचा नाचणारा दाटीवाटीने बसवावा लागतो.

झाड नेहमी खालून वर काढावे, जसे ते वाढते तसे. बुंध्यासाठी दोन समांतर रेषा घेऊन आत आडव्या बारीक रेघा भराव्यात, फांद्या वर जाताना बारीक होत जाऊ द्याव्यात, आणि पाने फांदीच्या दोन्ही बाजूंना आखूड, तिरप्या जोडरेघांनी काढावीत. एका झाडाची सगळी पाने एकाच जातीची असावीत, पण पळस, माड आणि बांबू यांची पाने वेगवेगळी असतात हे विसरू नये. खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाच मिनिटे पाहून त्याचे पान कसे लागते हे टिपले, तर चित्रात खरेपणा येतो.

झाड सोडून बाकीच्या चित्रात उजव्या हाताने काम करणाऱ्याने वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे यावे, म्हणजे ओल्या रंगावर मनगट घासले जात नाही. डावखुऱ्यांनी वरून खाली, पण उजवीकडून डावीकडे जावे. हाताखाली स्वच्छ कागद ठेवावा. चुकलेली रेघ ओली असताना पुसू नये, पुसल्याने ती गुलाबी होऊन पसरते. ती वाळू द्यावी आणि बरणीत राखलेला गेरू बारीक ब्रशाने त्यावर दोनदा द्यावा. पांढरा रंग एका दिवशी फिका वाटला तर दुसऱ्या दिवशी मोठ्या आकारांवर पुन्हा फिरवावा, पण बारीक रेघांना हात लावू नये.

कडेची नक्षी करायची असेल तर ती सर्वांत शेवटी करावी आणि साधी ठेवावी: दोन सेंटिमीटरच्या पट्टीत त्रिकोणांची किंवा तिरप्या रेघांची एक ओळ पुरे. टिंबांसाठी काडेपेटीच्या काडीचे मागचे टोक उत्तम. सगळे वाळल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी, खडूच्या रेषा कोरड्या मऊ फडक्याने झटकून काढाव्यात. वॉर्निश मारू नये. चमक आली की गेरूचा मातकटपणा जातो आणि कापडही कडक होते.

काठी, खिळा आणि भिंत

वरच्या नेफ्यात घालायला जुना पडद्याचा दांडा, लाकडी गोल पट्टी किंवा बांबू घ्यावा. तो कापडापेक्षा दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर बाहेर आला पाहिजे, तिथेच सुतळी बांधायची असते. बांबू घेतला तर तो पूर्ण सुकलेला आहे ना हे पाहावे. कच्च्या बांबूला कीड लागते आणि खाली पिवळट भुकटी पडू लागते. खालच्या नेफ्यातली काठी कापडाइतकीच असावी आणि थोडी जड असावी, म्हणजे कापड ताठ राहते. रंगवल्यानंतर या कापडाला इस्त्री करू नये, उष्णतेने फेव्हिकॉल मऊ पडते. हलकी चुणी असेल तर ती खालच्या काठीच्या वजनाने काही दिवसांत निघून जाते.

बहुतेक लोक चित्रे गरजेपेक्षा बरीच उंच लावतात. उभ्याने पाहण्याच्या भिंतीवर चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर यावा. सोफ्यावर लावायचे असेल तर पाठीच्या वरच्या कडेपासून पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर पुरते. खोलीत भारतीय बैठक असेल आणि घरचे लोक बहुतेक वेळ खाली बसत असतील, तर मध्य आणखी तीस-चाळीस सेंटिमीटर खाली आणायला संकोच करू नये.

प्लॅस्टर केलेल्या भिंतीत साधा खिळा वाकतो, पोलादी खिळा घ्यावा. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच रेषेत आडवा खिळा कधीही ठोकू नये, कारण भिंतीत लपवलेल्या विजेच्या तारा बहुधा याच रेषांतून गेलेल्या असतात. भाड्याच्या घरात खिळा ठोकण्याची परवानगी नसेल तर चिकटणारे हुक वापरता येतात. हे कापड वजनाने हलके असल्याने ते पेलतात. मात्र हात फिरवल्यावर ज्या भिंतीची भुकटी बोटांना लागते, तिथे हुक भिंतीऐवजी भुकटीला चिकटतो आणि रात्रीतून खाली येतो. अशा वेळी पडद्याच्या दांड्याचा किंवा कपाटाच्या वरच्या कडेचा आधार शोधावा.

मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतल्या घरांना ओलीचा विचार करावाच लागतो. बाहेरच्या बाजूची, विशेषतः पश्चिमेकडची भिंत पावसाळ्यात दमट होते आणि तिला टेकलेल्या कापडावर मागून बुरशी धरते. उपाय सोपा आहे: दोन्ही काठ्यांच्या मागे टोकांना बुचाचे किंवा खोडरबराचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे कापड आणि भिंत यांत बोटभर फट राहून हवा खेळते. भिंतीला उघड ओल येत असेल तर जून ते सप्टेंबर चित्र काढून ठेवावे. ठेवताना घडी घालू नये, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळावे आणि जुन्या सुती ओढणीत बांधावे. प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले तर आतली ओल आतच राहते. एरवी महिन्यातून एकदा कोरड्या मऊ ब्रशाने धूळ झटकली की झाले. ओले फडके लावू नये.

याच गेरूतून दुसरे चित्र: कावी

रंग आणि उत्साह उरला असेल तर उलट दिशेने जाणारा एक प्रकार करून पाहावा. कोकणात आणि गोव्यात काही जुन्या देवळांच्या व घरांच्या भिंतींवर कावी काम दिसते. तिथे पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा, म्हणजे तांबड्या मातीचा, थर देतात आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग मोकळा करतात. घरी चुन्याचा गिलावा करण्याची गरज नाही. एक फूट चौरस हार्डबोर्डावर पांढऱ्या इमल्शनचे तीन थर द्यावेत आणि ते दोन दिवस वाळू द्यावेत. मग वर सांगितलेल्या मिश्रणातच, पण फेव्हिकॉल निम्मे घेऊन, गेरूचा एक थर द्यावा. तो हाताला लागेनासा झाला, पण पूर्ण कडक झाला नाही, अशा वेळी जाड सुईने किंवा शाई संपलेल्या बॉलपेनाने नक्षी खरवडावी.

यासाठी कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुले सर्वांत सोपी: वर्तुळाची त्रिज्या बदलू न देता परिघावर सहा खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेवरून तेवढ्याच त्रिज्येचे कंस आत काढावेत. पाकळ्यांच्या आतला भाग खरवडावा आणि रेषा तांबड्या राखाव्यात, किंवा याच्या उलट करावे. खरवडलेली भुकटी फुंकू नये, ती डोळ्यांत जाते. मऊ ब्रशाने झाडावी. आधी आठ-दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर वेळेचा अंदाज घ्यावा, कारण उन्हाळ्यात हा थर अर्ध्या तासात खरवडण्याजोगा होतो आणि पावसाळ्यात त्याला बराच जास्त वेळ लागतो. हार्डबोर्डाच्या मागे वरच्या बाजूला दोन भोके पाडून सुतळी ओवली की हे चित्र कापडी चित्राच्या शेजारी, त्याच्या मध्यरेषेशी आपला मध्य जुळवून, लावता येते.